तीन ठिपके

माझ्या मावशीला आमच्या प्रांतातली तेराशे बारा गावं तोंडपाठ होती आणि चाळिशी उलटेपर्यंत त्यातली चारच तिने पाहिली होती. एक माहेरचं, एक सासरचं, एक जिथे तिची नणंद दिली होती ते, आणि चौथं म्हणजे मुख्यालयाचं शहर. त्यालाही ती हट्टाने गावच म्हणायची. बाकीच्या गावांशी तिची ओळख फक्त शाईतून होती.

ती नकाशा कार्यालयात ट्रेसर होती. जुन्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची एकेक रेघ शाईने वर उतरवायची, हे तिचं काम. आज ते कुणी करत नाही. दुसऱ्या मजल्यावर उत्तरेकडे खिडक्या असलेली लांब खोली होती, तिच्यात चार तिरकी टेबलं, आणि कागद हलू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवायची शिशाची वजनं. कापड मेणासारखं गुळगुळीत असे. त्यावर खडूची पूड चोळल्याशिवाय शाई धरत नसे. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं, तेही एकदाच, कारण दुसऱ्यांदा खरवडलं की कापड फाटलंच. शेजारच्या खोलीत नकाशांच्या प्रती काढायचं यंत्र होतं आणि त्याच्या अमोनियाने दुपारनंतर सगळ्यांचे डोळे चुरचुरत. मावशी म्हणायची, आमच्या कार्यालयात बढती मिळाली नाही तरी रडायला कारण शोधावं लागत नाही.

काका, म्हणजे तिचे यजमान, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. बोलणं कमी, हात बारीक कामाचा. दोघांची जोडी कशी जमली असं कुणी विचारलं तर काका म्हणत, "ती बारीक काढते, मी मोठं करून दाखवतो." घरात मावशीची सासूही होती. सून काय करते असं शेजारणीने विचारलं की ती सांगे, सरकारी कागद गिरवते. त्यात कौतुक होतं की टोमणा, हे मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रांताचा इतिहास सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आमचा प्रांत दोनदा जन्माला आला. आधी मधलं नदीचं खोरं आणि दक्षिणेचं पठार मिळून एक मुलूख होता. मुख्यालयाचं शहर त्या काळी मिठाच्या गाड्यांचा तळ होतं, बाकी काही नाही. उत्तरेचा डोंगराळ तालुका शेजारच्या प्रांताचा. तिथून कारभाराला तीन दिवस चालत जावं लागे म्हणून पुढे तो आमच्याकडे जोडला गेला. कागदावर हे एका सहीने झालं. पण त्या तालुक्याचे नकाशे शेजाऱ्यांच्या हातचे होते. त्यांचं प्रमाण वेगळं, खुणा वेगळ्या, कागदही जरा पिवळट. ते आमच्या मापात आणून आमच्या नकाशांना चिकटवण्यात आले. दोन कागदांची बोटभर पट्टी एकमेकांवर चढवून खळीने डकवलेली. त्या सांध्यावरून एक ओढा जायचा, तीच जुनी सरहद्द. ओढ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे कालपर्यंतचे परके.

नऊ तालुके आणि शंभरातली सत्त्याऐंशी माणसं खेड्यात राहणारी. डोंगरात माणूस विरळ, खोऱ्यात दाट, पठारावर पाणी असेल तिथेच. दर दहा वर्षांनी जनगणना व्हायची आणि गणनेची माणसं गावं वाटून घ्यायची ती नकाशा बघूनच. त्यासाठी एकदा संपूर्ण प्रांताचा नवा नकाशा करायचं ठरलं आणि तो उतरवायचं काम मावशीकडे आलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि खोलीतली एकटी बाई. तिच्या रेघेला तोड नव्हती. कार्यालयात तिला रेघबाई म्हणत.

त्या कामाला चौदा महिने लागले. जुन्या नकाशांची एक खोड असते. वर्षानुवर्षं त्यांच्यावर माश्या बसतात आणि ठिपके सोडून जातात. नकाशात तर लहान वस्तीची खूणच ठिपक्यांची होती. एकच घर असेल तर एक ठिपका, वाडी असेल तर तीन. शाईचा ठिपका कुठला आणि माशीचा कुठला, हे ओळखणं हा ट्रेसरच्या नजरेचा कस. माशीच्या ठिपक्याला तांबूस कड असते, शाईचा सपाट असतो. मावशीने अशा शेकडो ठिपक्यांचा न्याय केला होता आणि तपासणीत एकही चूक निघाली नव्हती.

उत्तरेच्या सांध्यावर ती पोचली त्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली होती. दुसऱ्या दिवशी कापड तपासणीला जाणार होतं. चिकटवलेल्या पट्टीच्या अगदी कडेला तिला ओढ्याच्या वळणावर दोन ठिपके दिसले. तिसरा असलाच तर पट्टीखाली. खळीच्या डागाने तिथला कागद तपकिरी झाला होता, त्यामुळे कड तांबूस आहे की नाही ते कळेना. दोन ठिपक्यांची खूण नकाशात नव्हती. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने ठरवलं, माशी. ओढा उतरवला, डोंगराच्या रेघा उतरवल्या आणि टेबल आवरलं.

ते ठिपके तिला आठवत राहिले असं नाही. नकाशा छापला गेला, प्रत्येक कचेरीत भिंतीवर लागला, साहेब चार शब्द बरे बोलले. पुढे मुलगा झाला, सासू गेली, काकांनी स्वतःचं दुकान काढलं. दोन जनगणना त्या नकाशावर पार पडल्या. सोळा वर्षं अशीच गेली.

मग विमानातून काढलेली छायाचित्रं आली. प्रांताचा प्रत्येक तुकडा वरून टिपलेला, राखाडी रंगात. ती छायाचित्रं जुन्या नकाशाशी ताडून फरक लिहायचा, हे काम पुन्हा मावशीकडेच आलं, कारण एव्हाना तो नकाशा तिच्याइतका कुणाला माहीत नव्हता. रस्ते वाढले होते, तळी आटली होती, खोऱ्यातली गावं एकमेकांना भिडली होती. उत्तरेच्या ओढ्याच्या वळणावर तिला छपरं दिसली. काकांच्या दुकानातलं भिंग लावून तिने मोजली. एकतीस.

आधी तिला वाटलं, नवी वस्ती असेल. पण अंगणांतली झाडं मोठी होती, त्यांच्या सावल्या छपरांएवढ्या. आणि ओढ्याकडे जाणारी पायवाट इतकी रुजलेली होती, की ती सोळा वर्षांत पडणं शक्य नव्हतं.

ती अभिलेख कक्षात गेली, चिकटवलेला मूळ नकाशा मागितला, ओला टिपकागद पट्टीवर ठेवला आणि अर्धा तास थांबली. खळ सुटली. पट्टी उचलल्यावर खाली तिसरा ठिपका होता, सपाट, काळा, शाईचा.

विभागाच्या साहेबांकडे ती त्याच दिवशी गेली. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि ते त्यांना सुखाने काढायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, छायाचित्र पाहिलं, आणि सोपा उपाय सांगितला. नव्या नकाशात ती वाडी दाखवायची, शेऱ्यात लिहायचं 'नवीन वस्ती'. वाडीही आली, कार्यालयही वाचलं, तुम्हीही वाचलात.

मावशी घरी येऊन जेवताना हे काकांना सांगू लागली आणि सांगता सांगताच थांबली. नवीन वस्ती म्हणजे काय, ते तिच्या तेव्हा लक्षात आलं. तो सगळा भाग सरकारी जंगलाचा. तिथली जुनी वस्ती म्हणजे हक्काची, आणि नवीन वस्ती म्हणजे अतिक्रमण. दोन शब्दांत एकतीस घरं बेकायदा होणार होती.

काकांनी ताट बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "तू पाहिली आहेस का ती वाडी?"

"नाही."

"मग आधी बघून ये."

तिने तीन दिवसांची रजा काढली. डोंगरातल्या शेवटच्या गावापर्यंत बस जायची, तिथून पुढे दोन तास चढ. रस्ता तिला कुणाला विचारावा लागला नाही. प्रत्येक वळण तिने हाताने काढलेलं होतं. मात्र एवढा दम लागेल असं वाटलं नव्हतं. नंतर मला सांगताना म्हणाली, चढाच्या रेघा काढताना हात दुखतो, पाय दुखत नाहीत.

वाडीत तिला आधी एक म्हातारा भेटला. सगळे त्याला कारभारी म्हणत. वाडीला कारभार कसलाच नव्हता, तरी म्हणत. तो दारात बसून दोरी वळत होता. कार्यालयाचं नाव ऐकून त्याने दोरी बाजूला ठेवली आणि सावधपणे विचारलं, कशाची वसुली आहे. वसुली नाही म्हटल्यावर त्याची जीभ सैल झाली. आम्ही कागदावर नाही हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणाला. पूर्वी दर दहा वर्षांनी मोजणारा माणूस यायचा, दारावर आकडा घालून जायचा. मग तो यायचा बंद झाला. कर मागायला कुणी येईना, जंगलाचा शिपाई तेवढा वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन जाई. आम्ही म्हटलं, देवाची कृपा. आपण होऊन कशाला सांगायला जायचं?

त्याच्या दाराच्या चौकटीवर रंगाचे तीन-चार थर होते. मावशीने नखाने खरवडून पाहिलं तर खाली गेरूने घातलेला आकडा होता, त्याच्याखाली आणखी एक, फिकट. तिने दोन्ही वहीत उतरवून घेतले. अशा सात चौकटी तिला मिळाल्या, सगळ्यात जुनीवर एकाखाली एक पाच आकडे. वाडी निदान साठ वर्षांची होती.

मग तिने माणसं मोजली. ते तिचं काम नव्हतं, पण आल्यासारखं मोजून जावं असं तिला वाटलं. घरोघर फिरली. एकशे चौसष्ट. शेवटच्या घरात कारभाऱ्याची सून होती, मावशीहून दहा-बारा वर्षांनी लहान. ती घरातली माणसं सांगत गेली. सासरा, नवरा, दीर, दोन मुलगे. मुलग्यांचे जन्मदाखले खालच्या गावचे होते. मावशीने विचारलं, बाळंतपणं खाली झाली का?

"नाही. इथेच, याच खोलीत. पण इथलं लिहून घेत नाहीत. खालच्या गावात जन्मली असं लिहिलं तरच दाखला देतात."

मग ती म्हणाली, मुलगीही होती एक. चार वर्षांची. गोवराने गेली. त्या वर्षी लस टोचणारी नर्स खालच्या गावापर्यंत आली होती. तिच्या यादीत त्याच्यापुढे गाव नव्हतं म्हणून ती तिथूनच परतली. हिने ऐकलं आणि मुलीला घेऊन उतरली, तोवर बस निघून गेली होती. पुन्हा येईल म्हणाले. त्याआधीच साथ आली. ती हे सगळं एका सुरात सांगत होती, एकीकडे चुलीवरचं पातेलं ढवळत.

मावशीने वही मिटली. त्या यादीचं मूळ कुठे होतं ते तिला माहीत होतं. आरोग्य खात्याची यादी जनगणनेवरून होते आणि जनगणनेची नकाशावरून. ती उठून जाऊ शकली असती. तिने सांगितलं की तो नकाशा मी काढला. इथे ठिपके होते, मला ते माशीचे वाटले, मी सोडून दिले.

कारभारी दारातून ऐकत होता. तो म्हणाला, "चूक सांगायला एवढा चढ चढून कुणी येतं होय?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. सून मात्र हसली नाही आणि रडलीही नाही. तिने पातेलं उतरवलं, पदराला हात पुसले.

"मग आता लिहा," ती म्हणाली.

मावशी म्हणायची, तिने मला शिव्या दिल्या असत्या तर परतीचा उतार सोपा गेला असता.

परत आल्यावर तिने दोन पानांची टिप्पणी लिहिली. वस्ती जुनी आहे, मूळ नकाशात तिची खूण आहे, दारांवर पूर्वीच्या गणनांचे आकडे आहेत, आणि ती वगळली गेली ती नक्कल करणाऱ्याच्या चुकीने. नक्कल करणारी मी. साहेबांनी टिप्पणी वाचून टेबलावर पालथी ठेवली आणि म्हणाले, "बाई, हे फाडा आणि घरी जा. उद्या बोलू." तिने ती आधीच आवक विभागात नोंदवली होती. नोंदलेला कागद फाडता येत नाही, हे साहेबांनीच तिला पंधरा वर्षांपूर्वी शिकवलेलं.

चौकशी झाली, आठ महिने चालली. प्रत्येक सुनावणीत तिला तेच विचारत, तुम्हाला ठिपके दिसले होते का? ती म्हणे, दिसले होते. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याने सुचवलं होतं, पट्टीखाली होते, दिसलेच नाहीत असं म्हणा. ते जवळजवळ खरंच होतं, एका ठिपक्याच्या बाबतीत तर पूर्ण खरं. पण दोन दिसले होते. तिच्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला आणि तिचं टेबल काढून तिला खाली अभिलेख कक्षात बसवलं. पुन्हा तिने कार्यालयासाठी रेघ काढली नाही.

वाडीची नोंद जुनी वस्ती म्हणून झाली. खास गणनेसाठी दोन माणसं वर गेली आणि त्यांनाही एकशे चौसष्टच मिळाली, कारण मधल्या काळात एक म्हातारी गेली होती आणि एक बाळ आलं होतं. प्रांताच्या माहितीपुस्तकात एकूण लोकसंख्येखाली दुरुस्तीची चिठ्ठी डकवण्यात आली. नर्स यायला लागली. पाठोपाठ कर आला, जंगलाचे नियम आले, घरपट्टीचे फॉर्म आले. दोन वर्षांनी कारभारी कसल्याशा कामासाठी मुख्यालयात आला तेव्हा अभिलेख कक्ष शोधत मावशीपर्यंत पोचला. तक्रार करायलाच आला होता. तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून दर महिन्याला कुणी ना कुणी कागद घेऊन उभा, म्हणाला. अर्धी वाडी तुमच्या नावाने बोटं मोडते. मावशीने विचारलं, आणि बाकीची अर्धी? त्याने जरा विचार केला. "बाकीच्या अर्ध्या बायका आहेत," म्हणाला, आणि तिने दिलेला चहा पिऊन गेला.

गोवराने गेलेल्या त्या मुलीबद्दल मावशीने एक प्रयत्न केला. तिचा मृत्यू खालच्या गावच्या नोंदवहीत होता, तो वाडीच्या नावे यावा म्हणून अर्ज लागतो आणि तो वडिलांनी करायचा असतो. तिने त्यांना दोनदा पत्र पाठवलं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, राहू द्या. तिने राहू दिलं.

अभिलेख कक्षात तिने पंधरा वर्षं काढली. धूळ, वाळवी, आणि कुणी न मागितलेले कागद. तिथे तिने स्वतःहून एक काम घेतलं. प्रांताच्या नकाशांना जितके सांधे होते, तितक्यांच्या पट्ट्या ओल्या टिपकागदाने सोडवून पाहिल्या. ते काम पुरं व्हायला चार वर्षं लागली. एका पट्टीखाली एक विहीर निघाली, दुसरीखाली एक घर. ते घर पन्नास वर्षांपूर्वीच पडलं होतं असं चौकशीत कळलं. बाकी सगळीकडे कोरा कागद. याचा अहवाल तिने दिला, तो कुणी वाचला की नाही ठाऊक नाही.

मी तिला एकदा विचारलं होतं की पश्चात्ताप होतो का. मला चुकीबद्दल विचारायचं होतं. तिने प्रश्न वेगळाच घेतला. म्हणाली, टेबल गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. हात शिवशिवायचे. काका तिला दुकानातला रद्दी कागद आणून द्यायचे, त्यावर ती भाजीची यादी करायची, आणि त्या यादीखालची रेघ इतकी सरळ असायची की भाजीवाली म्हणे, ताई, फूटपट्टी घेऊन फिरता का.

ती निवृत्त झाली त्याच सुमाराला त्या डोंगरात रस्ता झाला. रस्ता झाला की वस्ती वाढते असं सगळेच धरून चालतात. इथे उलटं झालं. चढायला सोपा तो उतरायलाही सोपा. शाळेसाठी, कामासाठी, दवाखान्यासाठी घरं एकेक करून खाली सरकली. कारभाऱ्याची सूनही धाकट्या मुलाकडे उतरली, असं मावशीच्या कानावर आलं. त्यानंतरच्या जनगणनेचे गावनिहाय आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा ते जाडजूड पुस्तक तिने वाचनालयात जाऊन पाहिलं. मी सोबत होते. तिने बाकी काही उघडलं नाही, उत्तरेचा तालुका काढला आणि बोटाने ओळी खाली उतरत गेली. वाडीसमोर सत्त्याण्णव लिहिलं होतं. पुरुष एक्केचाळीस, स्त्रिया छप्पन्न.

तिने शेजारच्या ओळीही वाचल्या, खालच्या गावाचा आकडा पाहिला. तो वाढला होता. मग तिने पुस्तक बंद करून ग्रंथपालाला परत दिलं आणि आम्ही भाजी घेऊन घरी आलो.